मोसम खोऱ्यात: बंधारे, फड, गुऱ्हाळं आणि माग

मोसम ही काही मोठी नदी नव्हे. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरात उगम पावते, हरणबारी, ताहाराबाद, जायखेडा, नामपूर अशी उतरत मालेगावात येते आणि शहर ओलांडलं की गिरणेला मिळते. न थांबता गाडी हाकली तर दोन-अडीच तासांत खोरं संपतं. १९३० ते १९६५ या काळात या पट्ट्यातल्या जमिनीची, पाण्याची आणि धंद्यांची जुनी घडी मोडली आणि नवी बसली. त्याच्या खुणा अजून जागेवर आहेत, पण त्या बघायच्या तर पाण्याच्या वाटेनं, वरून खाली, मुक्काम करत जायला हवं.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारीचा धरा. पावसाळ्यात बंधारे पाण्याखाली असतात. उन्हाळ्यात ते उघडे पडतात, पण पाट कोरडे आणि गुऱ्हाळं बंद. थंडीत बंधाऱ्याचा माथा दिसतो, पाटाला पाणी असतं आणि ऊसही तोडणीला आलेला असतो. एक व्यावहारिक सूचना: टेप, पाण्यात चालतील अशा चपला आणि गावाच्या शेतजमिनीचा नकाशा एवढं सोबत असू द्या. नकाशाशिवाय फड, म्हणजे पाटाखालच्या शेतीचे मोठे तुकडे, ओळखता येत नाहीत.

पहिला दिवस: सटाणा ते मुल्हेर

नाशिकहून सटाणा नव्वद-एक किलोमीटर. सटाणा मोसमवर नाही, आरम नदीवर आहे. पण बागलाण तालुक्याचं ठाणं तेच, त्यामुळे मुक्काम आणि जमिनीचे कागद दोन्ही इथेच. जुना सातबारा उघडला की शेतीचा प्रकार पाण्यावरून लिहिलेला दिसतो: जिरायत, मोटस्थळ, पाटस्थळ. जिरायत म्हणजे पावसावरची, मोटस्थळ म्हणजे विहिरीवरची, पाटस्थळ म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावरची. खोऱ्याचा सगळा इतिहास या नोंदींच्या खाडाखोडीत आहे. शतकाच्या मध्यानंतर एकाच गटावर पाटस्थळ आणि विहीर अशा दोन्ही नोंदी दिसू लागतात, ती जागा लक्षात ठेवा.

सटाण्याहून ताहाराबादमार्गे मुल्हेर. वरच्या अंगाला खोरं अरुंद होतं. सपाट जागी भाताची खाचरं, उताराला नागली आणि वरई, खाली काळी जमीन लागली की बाजरी. वस्ती बरीचशी कोकणा आणि भिल्ल समाजाची. डोंगरातला साग आणि पायथ्याची बाभूळ यांवर खालच्या गावांचे सुतार जगत: मोटेचं चाक, कणा, नांगराचा हाळस, चरकाच्या लाटा, बैलगाडीचा आरा, सगळं लाकडाचं.

हरणबारीचं मातीचं धरण बघून घ्यावं, पण ते डोळ्यांआड करून पुढचा विचार करायचा. शतकाच्या मध्याला ते नव्हतं. तेव्हा नदीत पाणी यायचं दोन प्रकारे: पावसाळ्यातला पूर आणि पाऊस सरल्यावर डोंगरातून, मुरमातून, दोन्ही काठांच्या जमिनीतून झिरपत राहणारा प्रवाह. पूर साठवायची सोय नव्हती, म्हणून खालच्या सगळ्या बंधाऱ्यांचा हिशोब झिरप्यावर होता. ऑक्टोबरात तो भरपूर, जानेवारीत निम्म्यावर, एप्रिलमध्ये नावापुरता. पिकं या उतरत्या पायरीवर बसवलेली होती.

मुल्हेर किल्ल्यावर चढायला अर्धा दिवस जातो. किल्ल्याचं वर्णन इतरत्र ढीगभर मिळेल.

दुसरा दिवस: अंतापूर, ताहाराबाद, जायखेडा

हा दिवस पायी. ताहाराबादपासून खाली नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत आणि त्यांवर चालणारी फड पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ती रुजली, एकीकडे धुळे जिल्ह्यात, दुसरीकडे नाशिकच्या या कोपऱ्यात. ब्रिटिश अमदानीत या कामांची पाटबंधारे खात्यानं दुसऱ्या वर्गाची कामं म्हणून नोंद केली, हक्क लिहून काढले, पण चालवणं गावाकडेच राहिलं. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले ते नाशिकला, आणि त्यांचं सुरुवातीचं काम खानदेशात, पांझरेच्या एका पाटासाठी सायफन बांधण्याचं. पुढे नीरा कालव्यासाठी त्यांनी मांडलेल्या ब्लॉक पद्धतीत ऊस ब्लॉकच्या ठरावीक हिश्श्यातच घ्यायचा आणि पिकं फिरवत ठेवायची, असं आहे. फड बघितलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटावं.

बंधारा बघताना आधी त्याची रेषा बघा. तो बहुधा सरळ नसतो. नदीपात्रात आडवा गेलेला कठीण खडकाचा पट्टा शोधून त्याच्यावरच चुन्यात दगड बसवलेला असतो, म्हणून खडक वळला की बंधाराही वळतो. पाया खोदायचा खर्च त्यामुळे वाचला आणि तळातून पाणी पळायची भीतीही. उंची माणसाच्या कमरेपासून दोन पुरुषांपर्यंत. पाणी साठवणं हा उद्देशच नाही. पातळी एवढीच चढवायची की ते काठावरच्या पाटात शिरेल. पाटाचं तोंड बंधाऱ्याच्या एका टोकाला, फळ्या किंवा दगड लावून कमी-जास्त करता येईल असं. थोडं पुढे गेलं की पाटाच्या नदीकडच्या भिंतीत खालच्या पातळीवर एक मोकळा भाग सोडलेला दिसतो. तो सांडवा. पुराचं पाणी पाटात घुसलं तर तिथून परत नदीत पडतं आणि पुढचा पाट फुटत नाही. सांडव्याची पातळी कुणी हौसेनं दोन दगड चढवून वाढवली की पहिल्याच मोठ्या पुरात पाट कुठेतरी फुटणार, हे ठरलेलं.

बिघाड चार ठिकाणी होतात. पाणी माथ्यावरून पडतं तिथे पायथ्याचा खडक मऊ असेल तर खड्डा पडत जातो आणि वरचे दगड आधार सुटून निखळतात. डागडुजी आधी पायथ्याला करायची, माथ्याला नाही. दुसरं, सांध्यांतला चुना धुपून गळती. भर ऑक्टोबरात ती कुणाच्या लक्षात येत नाही, जानेवारीत तेवढ्याच गळतीत अर्धा पाट जातो. पूर्वी चिकणमाती, गवत, पळसाचा पाला ठासून ती बंद करत. तिसरं, तोंडाशी साचणारी वाळू. चौथं अलीकडचं: वाळूउपशानं नदीचा तळच खाली गेला की बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो, आणि त्यावर गावपातळीवर इलाज नाही.

पाटाखाली भिजणारं क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे तीन किंवा चार मोठे तुकडे, त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. पंचवीस एकरांचा असतो तसा चार-पाचशे एकरांचाही. पाटातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून सारंग, सारंगातून वाफ्यात. एका फडात एका हंगामाला एकच पीक. चार फड असतील तर एकात ऊस, दुसऱ्यात आधीच्या उसाचं खत राहिलेलं म्हणून बाजरी किंवा ज्वारी, तिसऱ्यात गहू-हरभरा, चौथा पड. पुढच्या वर्षी सगळं एक घर सरकतं. पाऊस संपला की पंच बसतात, नदीतलं पाणी बघतात आणि यंदा किती फडांना बारमाही पाणी, किती फडांना दोन पाण्यांपुरतं, हे सांगून टाकतात. पाणी कमी तर फड कमी. शेतकरी वगळायचा नाही, फड वगळायचा.

हे जमतं कशामुळे, ते नकाशावर कळतं. शेतं लांबट पट्ट्यांची, पाटाकडून नदीकडे उतरणारी, आणि बहुतेक कुटुंबांचा एकेक पट्टा प्रत्येक फडात. उसाचा फड कुठलाही असो, घरात थोडा ऊस येणारच. पड पडला तर सगळ्यांचाच थोडा. या मांडणीचा तोटाही आहे. वाटण्या होत होत पट्टे इतके चिंचोळे झाले की नांगर वळवायला शेजाऱ्याच्या बांधावर जावं लागतं. १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला तो यावरच औषध म्हणून. मात्र एका कुटुंबाची जमीन एका जागी आणली की ती एकाच फडात येते, आणि तो फड पड पडला की त्या वर्षी त्या घराला काहीच नाही. कायद्याचा तर्क आणि फडाचा तर्क उलट्या दिशेचे होते. माळावरच्या शेतीला तो कायदा योग्यच, पाटस्थळाला तो परक्या मापाचा.

पाणी द्यायला मालक जात नाही, बारेकरी जातो. त्याच्यावर पाटकरी, तो तोंडापासून टोकापर्यंत पाट बघतो. हवालदार देखरेखीला, जागल्या पिकाच्या राखणीला. मेहनताना धान्यात, ज्याची जितकी जमीन तितका. गाळ काढायचं काम हंगामाआधी सगळ्यांचं, जमिनीच्या प्रमाणात माणसं द्यायची. न देणाऱ्याकडून दंड. चोरून पाणी घेतलं तरी दंड.

बारेकरी का लागतो, याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, प्रवाह चोवीस तास चालला तर एकराला दोन फूट पाणी जमतं. पाट तीन क्युसेकचा धरला तर दिवसाला सहा एकर-फूट, म्हणजे बहात्तर एकर-इंच. एका पाळीला तीन इंच दिले तर चोवीस एकर भिजले. वाटेतली गळती वजा जाता अठराच धरा. १८० एकरांच्या फडाची पाळी दहा दिवसांत फिरते. पण रात्री पाणी धरायला कुणी नसेल तर हेच वीस दिवस होतात आणि उसाला वीस दिवस हलक्या जमिनीत परवडत नाहीत. मालक आपापलं पाणी धरायला लागले की रात्रीचं पाणी नाल्याला जातं. बारेकऱ्याला स्वतःचं शेत भिजवायचं नसतं, त्याला पाट संपवायचा असतो. म्हणून त्याची रात्र आणि दिवस सारखे.

जायखेड्यापर्यंत पोचेस्तोवर काही थळांत ही पद्धत नुसत्या नावापुरती उरल्याचं दिसतं. एकाच फडात ऊस, कांदा, डाळिंब, मका शेजारी शेजारी. कांद्याला आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं, काढणीच्या आधी ते तोडावंच लागतं, आणि शेजारच्या उसाची झिरप मात्र चालूच असते. कांदा काढणीला आला असताना बांधाकडच्या चार ओळी सडतात त्या यामुळे. एक पीक एक फड हा नियम शिस्तीसाठी आहे असं वरवर वाटतं. खरं कारण हे झिरपीचं आहे.

तिसरा दिवस: जायखेडा ते नामपूर

रस्त्यालगत जुन्या विहिरींवर मोटेचे अवशेष सापडतात. दगडी थारोळं, त्याच्या वर दोन उभे खांब, खांबांमध्ये चाक बसायची खाच, आणि बैल मागेपुढे करायची उताराची धाव. कातड्याची मोट सव्वाशे-दीडशे लिटरांची, वरचा जाड दोर नाडा, खालच्या सोंडेचा दोर सोंदूर. चांगली जोडी तासाला चाळीस-पन्नास खेपा काढते. आठ तासांचं पाणी पन्नास हजार लिटरच्या आसपास, म्हणजे पाव एकराला दोन इंच. एवढ्यात भाजीपाला, मिरची, थोडा कांदा होतो. ऊस होतो तो गुंठ्यांत. मोटस्थळ आणि पाटस्थळ एकमेकांच्या वाटेत येत नव्हते, कारण मोटेला तेवढी ताकदच नव्हती.

मग तेलाची इंजिनं आली. तीस-चाळीसच्या दशकात तुरळक, स्वातंत्र्यानंतर तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, आणि सोसायटीचं कर्ज यांमुळे झपाट्यानं. किर्लोस्कर, कूपर ही नावं खोऱ्यात घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. पाच अश्वशक्तीचं इंजिन आणि चांगला पंप चाळीस-पन्नास फुटांवरून तासाला चाळीस हजार लिटर काढतो. मोटेचा दिवसभराचा घाम सव्वा तासात. पण खरी गोम पुढे आहे. तासाला चाळीस हजार लिटर म्हणजे सेकंदाला अकरा, म्हणजे क्युसेकच्या चार दशांशच्या आसपास. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला काठावर अशी आठ इंजिनं बसली की तीन क्युसेकचा अख्खा पाट उचलला गेला. आठ शेतकऱ्यांनी परवानगीनं, कर्ज काढून, काहीही चुकीचं न करता दोनशे घरांचं थळ कोरडं पाडलं. आमच्या मते या खोऱ्यात फड मोडले ते इथे. वरची धरणं नंतर आली. दोष मात्र सरसकट त्यांच्यावर टाकला जातो.

इंजिन विकत घेतलेल्या माणसाला मग ऊस लावावाच लागतो. कर्जाचा हप्ता बाजरीवर फिटत नाही.

नामपूरच्या आधी एक चालू गुऱ्हाळ मिळालं तर दिवसातला उरलेला वेळ तिथेच घालवा. आता चरक विजेवर फिरतो, बाकी कामाची रीत बदललेली नाही. जुना चरक बैलांचा, तीन उभ्या लाटांचा. आधी लाकडी, मग ओतीव लोखंडाचा. ऊस घालणारा खड्ड्यात बसतो, कारण बैलांचा दांडा डोक्यावरून फिरतो. बैलचरकावर शंभर किलो उसातून पन्नास-पंचावन्न किलो रस, इंजिनच्या आडव्या चरकावर साठ-पासष्ट. लाटांतली फट जास्त तर चिपाडात रस राहतो. फार आवळली तर चिपाडाचा भुगा रसात येतो आणि तो मळीबरोबर पूर्ण निघत नाही, गुळाला काळपट झाक देतो.

ऊस तोडल्यापासून चरकात जाईपर्यंत एक दिवस, रस निघाल्यापासून काहिलीत जाईपर्यंत काही तास, याहून उशीर नको. साखर फुटायला लागते आणि मग ढेप धरत नाही, कितीही आटवा. काहील लोखंडी, पसरट, सात-आठ फूट व्यासाची. खाली चुलवणात चिपाड जाळतात. चिपाड दोन-तीन दिवस उन्हात वाळलेलं हवं. अवकाळी पाऊस झाला की गुऱ्हाळ थांबतं ते उसामुळे नाही, जळणामुळे. जाळ मध्येच पडला तर रस रेंगाळतो आणि रंग जातो.

रस तापत असताना चुन्याची निवळी घालतात, आंबटपणा मारायला. बेतानं. कमी पडली तर गूळ मऊ, जास्त झाली तर रंग तांबडा-काळा आणि चवीला तुरट. मग रानभेंडीची खोडं ठेचून काढलेलं बुळबुळीत पाणी. ते रसातली घाण धरून वर आणतं आणि मळीचा जाड थर तरंगतो. हा थर उकळी फुटायच्या आधी काढायचा. गुळव्याचं सगळं लक्ष या पाच-दहा मिनिटांत काहिलीच्या कडेला असतं: कडेला बारीक बुडबुडे दिसले, मळीला चिरा पडायला लागल्या, की झारा घालून ती ओढायची. उकळी आधी फुटली तर मळी पुन्हा रसात मिसळते आणि त्या काहिलीचा गूळ काळाच होतो. नंतर कोणताही उपाय चालत नाही. त्यानंतर जाळ वाढवतात. फेस उतू जायला लागला की शेंगदाण्याच्या किंवा एरंडेल तेलाचे थोडे थेंब.

दोन-अडीच तासांनी पाक घट्ट होतो. एकशे पाच-सहा अंशांना उतरवली तर काकवी, ११८ च्या आसपास उतरवली तर गूळ. गुऱ्हाळावर तापमापी नसते. गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळतो आणि काहिलीच्या कडेवर आपटतो; टणक आवाज आला की काहील उतरवायची. अंशभर आधी उतरली तर ढेप पावसाळ्यात घाम फुटल्यासारखी पाझरते, नंतर उतरली तर कडवट. उतरवलेला पाक वाफ्यात ओततात, फावड्यानं हलवतात, फार हलवला तर रवाळ आणि ठिसूळ. थोडा निवला की ओलं फडकं घातलेल्या साच्यात. शंभर किलो उसाला दहा-अकरा किलो गूळ, हा हिशोब बैलचरकावर आणखी एक-दोन किलोनं खाली येतो.

गुळाची प्रत मात्र निम्मी शेतातच ठरते. चोपण, म्हणजे खारवटलेल्या चिकट, जमिनीतल्या उसाचा गूळ खारट आणि ओलसर. अमोनियम सल्फेट उशिरा आणि भरमसाट दिलं तरी तसंच. फडातला ऊस शेणखत आणि भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेला, तीन-चार वर्षांतून एकदा त्या जमिनीत येणारा. दरवर्षी ऊस, दरवर्षी खत, दरवर्षी पाणी असं सुरू झालं की नदीकाठच्या सखल पट्ट्यांत जमीन पाणथळ होते, मग पांढरी पडते. पांढरे डाग नामपूरच्या खालीही दिसतात. तिथे चर खोदल्याशिवाय गत्यंतर नाही.

चौथा दिवस: रावळगाव आणि दाभाडी

नामपूरहून वडेल-अजंगकडून रावळगाव. मोसम आणि गिरणा यांच्या मधला हा पट्टा. वालचंद हिराचंद यांनी विशीच्या दशकात इथलं खडकाळ माळरान घेतलं, दीड हजार एकरांच्या घरातलं, आणि १९३३ मध्ये रावळगाव शुगर फार्म ही कंपनी उभी राहिली. कंपनीच्या नावातच शेत आहे. कारखान्याला ऊस वेळेवर मिळायचा तर तो स्वतःच पिकवायचा, हा तेव्हाच्या खासगी कारखान्यांचा हिशोब होता. माळ सपाट करणं, दगड वेचणं, चर आणि पाट काढणं, लावण महिन्यांत वाटून घेणं. आडसाली जुलै-ऑगस्टची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, शिवाय खोडवा, म्हणजे तोडणी ऑक्टोबर ते एप्रिल सलग चालते. फडात पाणी सांगेल तितका ऊस असायचा. इथे गव्हाणीला, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागेला, लागेल तितका.

कारखाना आणि गुऱ्हाळ यांतला तांत्रिक फरक एका गोष्टीत सांगता येतो. गुऱ्हाळाची काहील उघडी, तिथे पाकाला ११८ अंशांपर्यंत जावंच लागतं. कारखान्यात रस चुना आणि गंधकाच्या धुरानं स्वच्छ करून निर्वात पात्रात साठ-सत्तर अंशांनाच उकळतात, म्हणून साखर जळत नाही आणि पांढरी राहते. मळी, म्हणजे इथे मोलॅसिस, वेगळी निघते. चिपाड बॉयलरला. गावच्या गुळव्याला हा कारखाना कधी प्रतिस्पर्धी वाटला, कधी गिऱ्हाईक गिळणारा. गुळाचा भाव चढला की ऊस गुऱ्हाळाकडे पळायचा हेही तितकंच खरं.

१९४२ मध्ये इथे गोळ्या-चॉकलेटं सुरू झाली. शाळेजवळच्या बरणीतली रावळगाव ती हीच. कडक गोळीला पाक दीडशे अंशांच्या आसपास न्यावा लागतो, त्यात ग्लुकोज घालावं लागतं, नाहीतर साखर परत रवाळ होते. आणि दमट हवेत गोळी चिकटते म्हणून प्रत्येकीला कागद. इथली कोरडी हवा या धंद्याला सोयीची.

१९६१ चा जमीनधारणा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला आणि खासगी कारखान्यांची शेतं सरकारकडे गेली. १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झालं. रावळगावचा मळा त्यात आला. कंपनीचं शेत आणि कंपनीचा कारखाना एकमेकांपासून सुटले.

दाभाडीचा गिरणा सहकारी साखर कारखाना सटाणा-मालेगाव रस्त्यावर. भाऊसाहेब हिरे यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला, राज्यातल्या सहकारी कारखान्यांच्या पहिल्या फळीतला. मुंबई राज्याचे महसूलमंत्री असताना कूळकायद्याच्या कामाशीही हिऱ्यांचं नाव जोडलेलं आहे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानं कसणाऱ्याला मालकीची वाट मोकळी झाली. मालकी मिळालेला शेतकरी सभासद झाला, सभासदाच्या उसाची नोंद झाली, नोंदीवर तोडणीची पाळी आली. यात खोऱ्याचं भलंच झालं: रोख पैसा, रस्ते, शाळा. पण सभासदाची ऊस देण्याची बांधिलकी दरवर्षीची आणि फडाचा ऊस चार वर्षांतून एकदाचा. दोन्ही पाळणं अशक्य, आणि लोकांनी कुठलं सोडलं ते उघड आहे.

पाचवा दिवस: मालेगाव

मोसम पुलावरून उतरलं की डाव्या काठावर नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० मध्ये बांधायला घेतलेला भुईकोट. तो धावत बघून मागांच्या गल्ल्यांत जावं.

मालेगावचा विणकाम धंदा उत्तरेतून आलेल्या मोमीन कारागिरांनी वाढवला. हातमागावर रंगीत सुती लुगडी निघत आणि ती आसपासच्या आठवडे बाजारांत खपत. तीसच्या दशकात वीज आल्यावर यंत्रमाग सुरू झाले, बरेचसे मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने. शतकाच्या मध्यापर्यंत हातमाग मागे पडला. कारण वेगाचं आहे. हातानं धोटा फेकला तर मिनिटाला चाळीस-एक फेरे, यंत्रमागावर सव्वाशे. इंचाला ४८ बाणे, म्हणजे आडवे धागे, धरले तर यंत्रमागावर मिनिटाला अडीच इंच कापड, आणि नऊवारी लुगडं धागा न तुटता दोन तासांवर काही मिनिटांत उतरतं. धागा तुटतोच, म्हणून तीन तास धरावेत.

धागा तुटण्याचं कारण बहुधा खळीत असतं. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ कमी लागली तर सूत फणीत घासून फुलतं आणि तुटतं. जास्त लागली तर कडक होऊन मोडतं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत हे वाढतं, म्हणून कारखान्यांत जमिनीवर पाणी मारतात. बाण्याची कांडी संपली की माग थांबवून धोट्यात दुसरी घालायची. रंगीत लुगड्याच्या किनारीला लक्ष जास्त लागतं, त्यामुळे एका कारागिराकडे माग कमी, साध्या पांढऱ्या कापडाला जास्त.

या धंद्याला खोऱ्यातला कापूस फारसा लागला नाही, सूत बाहेरून आलं. खोऱ्यानं माणसं दिली आणि गिऱ्हाईक दिलं: ऊस-गुळाचा पैसा हातात आला की लग्नसराईत लुगडी उठायची. शुक्रवारी मालेगावातले माग बंद असतात, तेव्हा प्रवासाची आखणी उलटी मोजत करा आणि हा दिवस शुक्रवारवर येऊ देऊ नका.